शहनाजसाठी केलेला सेल

मुळशीतल्या पौडचा इब्राहिम पुण्याच्या एका कॉलेजात काचकाम करायचा. रसायनाच्या प्रयोगशाळेतल्या फुटक्या नळ्या जोडायच्या, नव्या वाकवून द्यायच्या. बावीस वर्षं गॅसच्या ज्योतीपुढं बसून त्याचा चेहरा तांबूस झाला होता. १९८२ साली त्याची लेक शहनाज तिथंच संशोधनाला लागली. मग एसटीत शेजारी बसलेली ही कोण, असं कुणीही विचारलं, की तो सांगायचा, "माझी लेक हाय. सायबीन होनार हाय."

शहनाजचा विषय म्हणजे लोखंडाचं एक लालभडक संयुग. विजेनं त्यातल्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की लाल रंग फिकट निळा होतो.

"वीज किती गेली हे एक यंत्र सांगतं, रंगाचं दुसरं," तिनं बापाला समजावलं. "मला दोन्ही एकाच वेळी बघायचंय, अब्बा. क्वार्ट्झ काचेच्या दोन पट्ट्या, मधी सोन्याची बारीक जाळी आन् केसभर जागा. तितं द्रावण भरायचं. उजेड आरपार गेला पायजे."

असा सेल, म्हणजे द्रावण भरायची चपटी कुपी, परदेशातून यायला वर्ष लागलं असतं. इब्राहिमनं काम अंगावर घेतलं. ज्योतीनं जोडावा तर आतलं सोनं वितळणार. चिकटवावा तर द्रावण चिकटद्रव्यच खाऊन टाकी. पाच वेळा केला, पाचही वेळा गळला.

उन्हाळ्यापासून शहनाजला धाप लागत होती. लहानपणीच्या सांध्यांच्या तापानं तिच्या हृदयाची झडप अधू झालेली. आई गुलशन रोज म्हणे, "दवाखान्यात जा गं."

"सेल झाला की जाते."

"झालाच समज," इब्राहिम म्हणाला. "आनखी आठ दिस."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. ऑगस्टात एका सकाळी पौडच्या एसटी थांब्यावर शहनाज मटकन खाली बसली. पुण्याला दवाखान्यात नेली, पण तिसऱ्या दिवशी गेली.

चाळिसाव्या दिवसाचे विधी आटपून इब्राहिम कामावर आला आणि थेट सेलच घेऊन बसला.

"राहू दे, इब्राहिम," शहनाजला संशोधन शिकवणारे सर म्हणाले.

"न्हाई, सर. तिचं काम अर्ध्यात हाय."

या खेपेला त्यानं चिकटवायचा नादच सोडला. द्रावणाला दाद न देणाऱ्या टेफ्लॉनची पातळ चौकट कापून पट्ट्यांच्या मधे घातली आणि पितळी स्क्रूंनी सेल आवळत आणला. जरा जास्त पिळलं तर क्वार्ट्झ तडकणार. भरलेला सेल दिवसभर टिपकागदावर ठेवला. टिपकागद कोरडा राहिला.

सरांनी वीज लावली. एवढ्या पातळ थरातला रंग डोळ्यांना धड दिसेना. पण यंत्राची लेखणी कागदावर लाल रंगाचा जो उंचवटा काढत होती, तो दर फेरीला खाली बसत गेला. वीज उलट दिशेनं लावली तसा पुन्हा वर आला.

"दोन्ही एकाच वेळी बघता येतं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं," सर म्हणाले.

"एवढीशी चौकट," इब्राहिम म्हणाला. "मला आधी का न्हाई सुचली?"



पुढच्या वर्षी या कामाचा शोधनिबंध छापून आला. सरांनी पहिलं नाव शहनाजचं दिलं होतं. इब्राहिमनं ते कागद घरी नेले आणि नावावर बोट ठेवून गुलशनला दाखवलं.

"ह्याच्यापायी थांबली व्हय पोरगी?" तिनं विचारलं.

"माझ्यापायी. मीच आठ दिस म्हनलो."

गुलशननं कागद त्याच्या हातातून काढून घेतले, पदरानं पुसले. "ती माझं तरी कुटं ऐकत हुती," एवढंच म्हणाली.

आपलं मन राखायला ती तसं बोलली, हे इब्राहिमला कळलं. त्यानं मान हलवली. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.