आठ सेकंदांचा व्हिडिओ आणि मी अ‍ॅडमिन

आमच्या गावाच्या ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे, हे सांगताना मला हल्ली अवघडल्यासारखं होतं. पूर्वी होत नव्हतं. उलट बरं वाटायचं.

गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, उतारे, ऑनलाइन फॉर्म, परीक्षेची हॉलतिकिटं, सगळं माझ्याकडे. त्यामुळे जवळपास प्रत्येक घराचा नंबर माझ्या फोनमध्ये आधीपासूनच होता. वादळाच्या वर्षी गावातले खांब आडवे झाले, कित्येक दिवस वीज नव्हती. कोणाच्या घरी जनरेटर आहे, टँकर कोणत्या आळीत आलाय, अलिबागचा रस्ता मोकळा झाला का, हे लोक मलाच विचारायला यायचे. शेवटी मी ग्रुप केला. साठ-सत्तर माणसं होती तेव्हा. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं, संपलं.

वीज आली, ग्रुप राहिला. मुंबईला राहणारे आले, लग्न होऊन गेलेल्या मुली आल्या, बघता बघता पाचशेच्या आसपास माणसं झाली. नियम असे काही नव्हतेच. आपलीच माणसं, त्यांना कसले नियम, असं मला वाटायचं. कोणी फारच वेडंवाकडं टाकलं तर मी फोन करून सांगायचे, ‘काढा हो ते.’ बहुतेक जण काढायचे.

एका रविवारी सकाळी माझ्या दिरांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. दीर न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात आहेत, उरणला राहतात आणि सुट्टीला गाडी घेऊन गावी येतात. बोलके आहेत, ग्रुपवर त्यांच्या शब्दाला वजन आहे. व्हिडिओ त्यांनी आदल्या दुपारी येताना गाडीच्या काचेतून घेतलेला. आठ सेकंदांचा. रस्त्याकडेच्या गटारात एक बाई वाकून पाटी बुडवते आहे, पाठमोरी, मग क्षणभर तोंड वळवते. खाली लिहिलं होतं, ‘ही बघा आपल्या गावात येणारी मासळी. ह्या पाण्यात धुतात आणि आपण आवडीने खातो. डोळ्यांनी बघितलंय.’

बाईला मी लगेच ओळखलं. थळहून येणारी मासेवाली. पंधरा वर्षं तरी ती माझ्या दारात पाटी टेकवते आहे. माझी मुलगी लहान असताना तिच्यासाठी ती न विसरता एक बिनकाट्याचा तुकडा बाजूला ठेवायची.

मी व्हिडिओ दोनदा बघितला. मला तो पटला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी काही केलं नाही. दीर जेवायला आमच्याकडेच येणार होते. घरात वाद नको, संध्याकाळपर्यंत लोक विसरतील, असं मनाशी म्हटलं आणि फोन उलटा ठेवून भाकऱ्या थापायला बसले.

जेवताना ते म्हणाले, “बघितलात ना वहिनी? दोनशे लोकांनी बघितलं एका तासात.”

“तुम्ही तिला विचारलंत का, काय करतेय म्हणून?” मी म्हटलं.

“विचारायचं काय त्यात? दिसतंय की.”

मी त्यांना आमटी वाढली. ह्यांनी विषय बदलला.

सोमवारी दुपारी मासेवाली माझ्या दुकानात आली. पाटीवरचा ओला फडका तसाच होता, खाली बोंबील आणि मांदेली जशीच्या तशी. पाटी तिने पायरीवर ठेवली आणि उभीच राहिली.

“बाय, काय झालाय गो तुमच्या गावात? सकालपासून फिरते, कोन दार उघडं नाय करत. एक बाय बोलली, तू गटारात मासली धुतेस.”

मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने फोन हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

“ही तर रिकामी पाटी हाय,” ती म्हणाली. “घरी जाताना हाय ही मी. पाटीतलं मासलीचं पाणी गलतं म्हनून रिक्शावाला घेत नाय, तवा खंगालते. घरी गेल्यावर परत धुते साबनानं. मासली कवा धुवंन मी गटारात? मी खात नाय काय तीच मासली?”

मी पुन्हा बघितलं. पाटी खरंच रिकामी होती. तळाला गोणपाट होतं, तेच ओलं होऊन मासळीसारखं चमकत होतं. एवढं बघायला एखादं मिनिट लागलं असतं. पाचशे जणांतल्या कोणालाही.

“हा तुजा ग्रुप हाय ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग मला का नाय विचारलंस?”

ती आमच्या गावची नाही, तिच्याकडे साधा फोन आहे, ती ग्रुपमध्ये असणंच शक्य नव्हतं. तिच्याबद्दल सगळं गाव बोललं आणि ती एकटीच तिथे नव्हती.

मी तिच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. पण तो तोपर्यंत शेजारच्या चार गावांत गेला होता. मग मी दिरांना फोन लावला.

“भाऊजी, पाटी रिकामी होती. तुम्हीच लिहा ग्रुपवर की चूक झाली.”

“मी तिचं नाव कुठे घेतलंय?”

“तोंड दिसतंय तिचं.”

“मग रस्त्यावर दिसतंय त्याचा व्हिडिओ काढायचा नाही का माणसानं? वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. चार दिवसांत लोक परत घेतील मासे.”

ते लिहिणार नाहीत हे कळलं, तेव्हा मीच लिहिलं. व्हिडिओ कुठला, किती वाजताचा, पाटीत काय होतं, सगळं नीट. शेवटी हेही लिहिलं, की मी रविवारी सकाळीच बघितला होता आणि काढला नाही, ही माझी चूक. पंधरा-वीस लोकांनी अंगठ्याची खूण टाकली. एकाने हात जोडले, का ते कळलं नाही. आणि एकाने विचारलं, ‘वहिनी, किती बोंबील फुकट मिळाले?’ त्यावर मात्र हसणारे चेहरे भराभर आले. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणीही माझं लिहिणं पुढे पाठवलं नाही. मी एकेकाला विचारलं. “पाठवतो,” म्हणाले.

त्या आठवड्यात दुकानात फॉर्म भरता भरता मी एका कागदाच्या मागे नियम लिहायला घेतले. माझं शिक्षण बारावी. हे कसं लिहितात मला माहीत नव्हतं. जे चुकलं तेच उलट करून लिहीत गेले. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं. तो ग्रुपमध्ये नसेल तर त्याचं म्हणणं दुसऱ्या कोणीतरी त्याच्या शब्दांत मांडायचं. न विचारता कोणाचा चेहरा दाखवायचा नाही. स्वतः बघितलं की ऐकलं, ते स्पष्ट लिहायचं, आणि बघितलं असेल तर नेमकं काय बघितलं तेही. चूक निघाली तर ज्याने टाकलं त्यानेच ती लिहायची आणि जिथे जिथे पाठवलं तिथे तिथे पाठवायची. त्याच्या वीस प्रती काढल्या आणि समाजमंदिरात रविवारी अकरा वाजता या, असा निरोप टाकला.

पाचशेपैकी नऊ जण आले. त्यातले दोघे क्रिकेटच्या सामन्याचं ठरवायला आले होते.

एक तरुण म्हणाला, “मावशी, विचारत बसलो तर बातमी शिळी होईल.”

“होऊ दे,” मी म्हटलं, “मासे तर नाही ना शिळे होणार कोणाचे.” कोणी हसलं नाही.

गावातले एक निवृत्त तलाठी सगळ्यात मागे बसले होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे. पण हे लोकांसाठी झालं. अ‍ॅडमिनसाठी काय? तो व्हिडिओ परक्या माणसाने टाकला असता, तर तुम्ही सकाळीच काढला असतात ना?”

मला राग आला, कारण ते खरं होतं. “हो,” मी म्हटलं. “काढला असता.”

“मग ते लिहा.”

तेव्हा तिथेच ठरलं, की अ‍ॅडमिन तीन असतील आणि एका घरातले नसतील. कोणाला काढायचं तर दोघांचं एकमत लागेल, काढण्याचं कारण सर्वांना सांगायचं, आणि काढलेल्याला परत येऊन बोलायची संधी द्यायची. अ‍ॅडमिनच्या नात्यातल्या माणसाचा विषय निघाला तर त्या अ‍ॅडमिनने बाजूला राहायचं. तलाठी आणि पलीकडच्या आळीतली आशा सेविका, हे दोघे माझ्याबरोबर अ‍ॅडमिन झाले. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, की चला, काहीतरी मार्गी लागलं.

पंधरा दिवस चांगले गेले. मग दिरांनी एसटी थांब्यावर झोपलेल्या एका माणसाचा फोटो टाकला, ‘दिवसाढवळ्या टाईट’ असं लिहून. तो माणूस तापाने फणफणला होता, दवाखान्यातून परतताना गाडीची वाट बघत आडवा झालेला. आशा सेविकेनेच त्याला गोळ्या दिल्या होत्या. तिने आणि तलाठ्यांनी दिरांना चूक लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिली नाही. त्या दोघांनी त्यांना एका आठवड्यासाठी बाहेर काढलं, कारण लिहून. मी ठरल्याप्रमाणे बाजूला राहिले.

कोणीही विश्वास ठेवला नाही. सगळ्यांच्या मते मीच काढलं. संध्याकाळपर्यंत दिरांनी नवीन ग्रुप केला. तिथे नियम नाहीत. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त गाव तिकडे गेलं. जाताना काही जण लिहून गेले, ‘इथे बोलायला परवानगी लागते.’

हे घरी धुमसत होते. “माझा भाऊ आहे तो. गणपतीला येणार नाही म्हणतोय. तुला कोणी सांगितली होती ही पंचाईत?”

“तुम्ही आहात ना त्या ग्रुपमध्ये?” मी विचारलं.

“आहे. म्हणून काय?”

“मग एक व्हिडिओ टाका तिथे.”

मी थळला जाऊन मासेवालीच्या म्हणण्याचा फोनवर व्हिडिओ घेतला होता. ती स्वतःच म्हणाली होती, “माजा तोंड दाखवलाव, आता माजा बोलनं पन दाखवा.” तिच्या ओट्यावर, साबणाने पाट्या घासताना, सरळ फोनकडे बघून ती बोलली. मिनिटभरात सगळं सांगितलं. कोणाला शिवी दिली नाही. ह्यांनी दोन दिवस चालढकल केली आणि मग टाकला तो व्हिडिओ दिरांच्या ग्रुपवर. ह्यांनी चहा संपवेपर्यंत तो तिथून काढलेला होता. दिरांनी लिहिलं, ‘हा विषय संपला आहे. कृपया जुने वाद उकरू नयेत.’

ह्यांनी फोन खिशात ठेवला. त्यानंतर त्यांनी पंचाईत हा शब्द वापरला नाही.

मासेवाली आता आमच्या गावात येत नाही. उरलेल्या चार घरांसाठी एवढं येणं परवडत नाही, म्हणाली. सकाळी ती थळच्या नाक्यावर बसते. मी आठवड्यातून एकदा जाते. परवा गेले तर कोळंबी निवडून देताना तिने विचारलं, “तुजा ग्रुप चालू हाय गो अजून?”

“आहे. दीडशे माणसं राहिलीत.”

“आनि तो दुसरा?”

“तो मोठा झालाय.”

तिने मान हलवली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, तिकडे ती वळली.