शेवटच्याला पहिली निवड

बास्केटबॉल हातात कसा धरायचा हे त्या तळघरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि नेमकं तिलाच कुणी काही विचारत नसे. उपासना शेंडे नागपूर विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळलेली. डाव्या गुडघ्यावर सिमेंटच्या कोर्टाची खूण अजून होती. आता ती मिशिगनमधल्या नोव्हायला एका ऑटो कंपनीत ब्रेकचं टेस्टिंग करायची आणि डेट्रॉइटची मॅच असली की त्र्यंबककाकांच्या तळघरात येऊन बसायची. काका वीस वर्षं इथले, महाराष्ट्र मंडळाचे माजी अध्यक्ष. दोन जिने चढले की धाप लागायची, पण टीम कशी चालवावी हे कोचने यांना विचारावं! उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर काकांनीच.

तरी चार वर्षं ती येत राहिली, कारण या देशात घर म्हणावं असं तिला हे एकच. पहिल्या हिवाळ्यात ती तापाने फणफणली, तेव्हा काकांच्या पत्नी कांचनकाकू बर्फातून गाडी हाकत मऊ भात घेऊन आल्या आणि दोन दिवस तिच्याच अपार्टमेंटमध्ये राहिल्या. उपासनाने नागपूरला आईला कळवलं होतं, इकडे मला अजून एक आई मिळालीय, तू काळजी करू नकोस.

पहिल्या भेटीत काकांनी विचारलं होतं, शेंडे म्हणजे गुहागरकडचे का? ती म्हणाली, नागपूरचे. मग काकांनीच ठरवून टाकलं की मूळचे कोकणस्थच, भोसल्यांच्या काळात तिकडे गेलेले. तिने खोडून काढलं नाही. नवी होती, एकटी होती. नंतर मुद्दाम विषय काढून सांगायचं तर ते सांगायला म्हणूनच आल्यासारखं झालं असतं. त्या गप्प बसण्याचा तिला स्वतःचाच राग यायचा.

तर दोन हजार आठचा फेब्रुवारी. खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत दोन दिवसांत संपणार होती आणि तळघरात नुसती खडाजंगी. पीएचडी करणारा प्रसन्न म्हणत होता, टीम जिंकतेय ना, मग कशाला हात लावायचा? गुरुनाथ, काकांच्याच ऑफिसातला, म्हणत होता की सगळे म्हातारे झालेत, एखाद्याला वेळेत काढा. यावर काकांचा तोडगा तयार. एक म्हातारा फॉरवर्ड तळाच्या टीमच्या गळ्यात मारायचा आणि बदल्यात तिचा पहिला ड्राफ्ट पिक घ्यायचा. तळाला राहिलेल्या टीमला नव्या पोरांतून आधी निवड करायला मिळते, तेव्हा तो पिक म्हणजे सोनं. मग हातातलं भजं खाली ठेवून त्यांनी अमेरिकेची आरतीच सुरू केली. मागे पडलेल्याला आधी संधी, म्हणाले, नाहीतर तेच चार जण वर्षानुवर्षं जिंकतील आणि खेळ मरून जाईल. याला म्हणतात न्याय. आपल्या लोकांना कधी सुचणार हे?

सगळ्यांनी माना डोलावल्या. उपासनाला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. वेडी पोरगी!

हाफटाइमला याच न्यायप्रिय माणसाने एक छापील निवेदन काढलं. आयआयटीसारख्या ठिकाणी राखीव जागा वाढवू नका, अशी राष्ट्रपतींना विनंती, खाली सह्यांना जागा. गुरुनाथने तेलकट बोटांनीच सही ठोकली. कोट्यातल्या डॉक्टरकडून आपण तर नखंसुद्धा कापून घेणार नाही यार, असं तो म्हणाला आणि तळघर हसलं. प्रसन्नही हसला, सही करून मोकळा झाला. शी! मघाचा न्याय भज्यांबरोबर पोटात गेला होता. वीस वर्षं परदेशात काढली तरी यांचं नाकाने कांदे सोलणं काही सुटलं नाही.

मग पेन तिच्यापुढे आलं. सही करून गप्प बसली असती तर पुढच्या मॅचला याच सोफ्यावर तिची जागा पक्की होती.

"काका, मी राखीव जागेवरच इंजिनियर झालेय," ती म्हणाली. "आम्ही बौद्ध आहोत."

टीव्हीवर जाहिराती चालू होत्या. गुरुनाथ ताटलीत बघायला लागला. काका चिडतील नाहीतर ओशाळतील, दोन्हीची तिने तयारी ठेवली होती. काका हसले. प्रेमाने तिच्या खांद्यावर थोपटलं त्यांनी.

"अगं, तुझं वेगळं. तू कुठे तशी वाटतेस? उलट तू सही करच. तुझ्या एका सहीला आमच्या दहांचं वजन येईल."

आणि पेन पुन्हा पुढे केलं.

भाताच्या घासात केस लागावा तशी तिला किळस आली. या माणसाच्या मनात द्वेष नव्हता, हेच जास्त घाण होतं. तिने विचारलं, मघाशी सांगितलात तो न्याय फक्त बॉल खेळणाऱ्यांनाच का? काका म्हणाले, छे, तो खेळ आहे, इथे देशाचा प्रश्न आहे. ती उठली आणि जिना चढून वर आली.

दारापाशी बूट चढवत होती तोवर कांचनकाकू मागोमाग आल्या. खालचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. डोळे भरले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. अजून एक माणूस आहे आपलं, उपासनाला वाटलं.

"मला पहिल्यापासून माहीत होतं गं," काकू कुजबुजल्या. "तापात आईशी फोनवर बोललीस आणि शेवटी जयभीम म्हणालीस, तेव्हाच कळलं. पण मी यांनासुद्धा कधी बोलले नाही. चार वर्षं झाकून ठेवलं."

"काय झाकलंत, काकू?"

दार उघडं होतं, घरातली ऊब बाहेर चालली होती. बाहेर थंडी फार, म्हणून त्या माउलीने सवयीने हात पुढे केला आणि तिच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढायला लागली. उपासनाने तो हात हळूच बाजूला केला.