माह्या मरनाची शेवटची तार

कावळा माह्या डोक्यावर बसला तो तारेचा शेवटचा दिवस होता, हे मले मालूम नव्हतं. कावळ्याले मालूम असन त सांगता येत नाही.

रोवना चालू होता. बाया बांधीतल्या चिखलात धान रोवून राहिल्या होत्या अना मी धुऱ्यावर बसून "सरळ लावा, सरळ लावा" करून राहिलो होतो. माहं काम तेवढंच. मी बांधीत उतरलो त माहे रोपं दुसऱ्या दिवशी पान्यावर तरंगतेत. तेवढ्यात कावळा आला, टाळक्यावर टोच मारली अना उडून गेला. बाया हासल्या. बायको नाही हासली.

कावळा डोक्याले शिवला म्हनजे मरन आलं. आमच्याकडे त्याच्यावर एकच इलाज. मेल्याची खोटी खबर जवळच्या मानसाले पाठवाची. ते मानूस मनापासून रडलं का मरन टळलं. मंग दुसरी खबर पाठवाची, का बाबा खोटं होतं, जित्ता हाय.

"अवो, बाईले तार करा," बायको म्हने. बाई म्हनजे माही मोठी बहीन, चिचगडले दिली.

"फोन करून दे ना."

"फोनवर मले हासू येते. अना बाई पहिले म्हनन, भाऊ कुठं हाय, दे त्याले."

तेही खरंच. फोनले सवाल करता येते, तारेले नाही. मी शाळा बाहेरूनच पाहिली, बाईनं तेवढीही नाही. पन तार आमाले कधी वाचून घ्या लागली नाही. तारवाला गल्लीत दिसला का बाया पदर तोंडाले लावत, कोनी आंघोळीचं पानी काढाले धावे. न वाचता समजनारा कागद दुनियेत तोच एक.

गोंदियाले गेलो त तारघरात ही गर्दी! पोट्टे मोबाईलनं फोटो काढून राहिले. मले वाटलं, एवढ्या लोकाइले कावळा शिवला का काय?

खिडकीवरचा बाबू म्हने, "काका, आज आखरी दिन है. कल से तार बंद. जल्दी बोलो, क्या लिखूं? बधाई?"

"भाऊ मेला, लवकर या. बहिनीले पाठवाची हाय."

त्यानं पेन खाली ठेवला. "अरेरे. आपका भाई?"

"नाही, तिचा."

"मतलब आपका भी भाई हुआ ना."

"नाही जी. मीच."

मांगची सारी लाईन हासली. बाबूनं मले पाहिलं, गर्दी पाहिली, म्हने, "चलो, आज सब चलता है," अना मारून टाकलं मले.

घरी येऊन सांगतलं त बायकोनं कपाळावर हात मारला. "उद्यापासून बंद? मंग तुमी जित्ते हा म्हनून दुसरी तार कशी जाईन?"

हे मले सुचलंच नव्हतं. वाट पाहिली. रडत कोनी आलं नाही, फोनही नाही. बाई रडली नसन त इलाज वाया, मी गेलोच. बायको ताटात जास्तीचं वाढाले लागली, तवा मी खरंच भेलो. देवरीवरून चिचगडची गाडी धरली.

बाई हासतच दारात आली. "आला का रे बाबू!"

आत गेलो त देवाच्या फोटोच्या बाजूले काचेत लावलेली तार. वरून जास्वंदाचा हार, कुंकू. भाटवे, म्हनजे बाईचा नवरा, खुश होऊन म्हनले, "तारवाला सांगे, घाबरू नका, सारे आठवन म्हनून पाठवून राहिले. म्हनलं साळ्यानं जन्मात एक काम चांगलं केलं."

"बाई, तू रडली नाही?"

"कायले रडू? सनासारखी तार आली."

कावळ्याचं सांगावं त इलाज मरते. "कोनाकडून वाचून त घे," मी म्हनलो. बाईनं मले भात वाढला अना शेजारची कॉलेजातली पोरगी बोलावली. पोरगी काचेपाशी गेली, वाचलं, मंग माह्याकडे पाहाले लागली.

"मावशी, भाऊ मेला, लवकर या, असं हाय."

बाईनं तार पाहिली. मले पाहिलं. परत तार पाहिली.

"अवो, तो त समोर जेवून राहिला," भाटवे म्हनले.

"तुमी चूप बसा. माय गेल्याची तार आली, खरी निघाली. बा गेल्याची आली, खरी निघाली. तारेत खोटं कवा आलं? अना याच्या तोंडून खरं कवा निघालं?"

अना बाईनं असा हंबरडा फोडला का शेजारपाजारच्या बाया धावत आल्या.

"माहा भाऊ सोन्याचा होता वो! कामाचा नव्हता, पन सोन्याचा होता वो!"

एक म्हातारा माह्या बाजूले येऊन बसला. "कोन गेलं?" तोंडात घास होता, मी बोटानं मलेच दाखवलं. "चांगला होता," तो म्हने, अना मान हालवाले लागला.

इतकं चांगलं माह्याबद्दल कोनी बोललं नव्हतं. मलेही रडू आलं. बाईनं नाक पुसलं, माह्या ताटात आनखी भात टाकला, "वरन घे, सुका नको खाऊ," म्हनली, अना परत सुरू झाली.