उभा तळहात

परवा लेकीला व्हिडिओ कॉल लावला, तर सुमीनं पडद्यावर तळहात उभा धरला. थांब. समोरच्या मैत्रिणीशी बोलणं चालू होतं तिचं. भाजलेले शेंगदाणे सोलता सोलता माझा हात थबकला, आणि मनानं मी जाऊन बसले तिच्या वसतिगृहाच्या त्या जुन्या पायरीवर.

सुमी जन्मापासून बहिरी. जैनथकडच्या आमच्या गावच्या शाळेत ती फळ्यावरचं सगळं सुबक उतरवून घ्यायची. अर्थ मात्र कळायचा नाही. म्हणून तिला आदिलाबादला, मूकबधिर मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. महिनाभरातच सासूबाईंनी धोशा लावला, "तिथं लेकराले कोन समजून घेईन? घेऊन ये वापस." मलाही तेच हवं होतं. शेंगदाण्याचे लाडू बांधले आणि तिला आणायला निघाले.

वसतिगृहाच्या ओसरीवर मुली गोल करून बसल्या होत्या. मधोमध सुमी. तिचे हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं, आणि मुली पोट धरून हसत होत्या. घरी आम्हाला तिच्याशी पाणी, भाकर, झोप एवढ्याच खुणा यायच्या. तिनं मला पाहिलं, डोळे चमकले, आणि तळहात उभा धरला. थांब.

मी पायरीवर बसले, डबा मांडीवर घेऊन.

सुमीची गोष्ट संपल्यावर लाडू सगळ्यांना वाटले आणि संध्याकाळच्या बसनं एकटीच परतले. सासूबाई दारातच उभ्या. "पोरीले आनलं काऊन नाही?"

"तिचं बोलनं चालू होतं, आई," मी म्हटलं. "मधातच कसं तोडू?"