लाखोरीवरच्या चकरा

दिवा पहिल्यांदा लागला तो साकोलीहून परतताना, सानगडीच्या फाट्यावर गाडी डावीकडे वळवली तेव्हा. पिवळा दिवा, त्यात एक चिमुकली गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. सरळ रस्त्याला लागलो तरी विझेना. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की जायचा आणि पुढच्या डाव्या वळणावर परत हजर. मी त्याला दोन शिव्या घातल्या. बायको असती तर म्हणाली असती, 'दिव्याले कायले बोलता? पुस्तक काढून वाचा.' ती जाऊन दोन वर्षं होत आली. गाडीचं पुस्तक तिनेच कुठेतरी नीट ठेवलं होतं, ते मला आजवर सापडलेलं नाही.

मुलगा हैदराबादला असतो. गाडी त्यानेच घेऊन दिलेली. फोनवर त्याने समजावलं, गाडी घसरायला लागली की एक यंत्रणा आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ ठेवते, दिवा लागला म्हणजे ती बंद पडली.

"सुधरत नसन तर विकून टाकू, बाबा. एकट्या माणसाले गाडी कायले पाह्यजे?"

एकट्या माणसालाच पाहिजे, हे त्याला कसं सांगायचं? पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे गावात कुणाचं काय काम असतं? टीव्ही मी आवाजासाठी लावून ठेवतो. पण धानाच्या बांधीत भातामागून येणारी लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, निघाली की लोक ती वेलांसकट आमच्या घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर पसरतात. वरून चाकं गेली की शेंगा फुटून दाणे मोकळे होतात. ट्रॅक्टरवाल्याचा तेव्हा भाव वधारलेला असतो. मग समोरच्या वहिनी झाडू घेऊन फाटकाशी येतात. "भाऊजी, चार चकरा मारून द्या ना." मी आधी थोडी कुरकुर करतो, कारण लगेच हो म्हटलं तर किंमत राहत नाही. मग गाडी काढतो, पुढे-मागे करत राहतो. त्या वेल उलटवतात, शेजारपाजार जमतो, चहा येतो, कुणीतरी खिडकीवर हात टेकून पोरीच्या लग्नाचं सांगत बसतो. तेवढे दिवस गावाला माझी गरज लागते. गाडी गेली असती तर तेही गेलं असतं. वहिनींची स्वतःची लाखोरी त्या वर्षी अजून शेतातच होती, म्हणून मला घाई होती.

साकोलीत हायवेला लागून एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाड्यांच्या वायरिंगचीच कामं करतो, बोलतो भरपूर. त्याने स्कॅनर जोडला, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा दोष निघाला. मला वाटलं, झालं, सेन्सर बदला आणि सोडा. पण तो स्कॅनर मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला आणि त्याने मला मोकळ्या मैदानात गाडी हळूहळू गोल फिरवायला लावली. उजवीकडे वळलो तर चारही चाकांचा वेग नीट दिसत होता. डावीकडे वळलो आणि एक आकडा शून्यावर आला.

"पाहा काकाजी, चाक फिरून राहिलं, अन् गाडीले वाटते ते थांबलं. मंग तिनं भरोसा कोणावर ठेवावा?"

गाडी जॅकवर चढवून त्याने चाक काढलं. आत एक्सलवर वाळक्या वेलांचा घट्ट वेढा बसला होता, कंगव्यात केसांचा गुंता बसतो तसा. त्या वेढ्याने सेन्सरची वायर क्लिपातून ओढून काढली होती. वरून ती धड दिसत होती, पण आतली तार तुटलेली. सरळ असताना टोकं टेकायची, डावीकडे ताण पडला की सुटायची.

"लाखोरीवर चालवली का?"

"थोडीशी," मी म्हणालो.

वायरीसकट नवा सेन्सर नागपूरहून यायला दोन दिवस लागले. मिस्त्रीने तो बसवला, वायर पुन्हा क्लिपात अडकवली, स्टीअरिंग सरळ धरून 'सरळ' म्हणजे कुठे ते गाडीला स्कॅनरने नव्याने शिकवलं, दोष पुसला आणि आम्ही पुन्हा मैदानात गोल फिरलो. दिवा लागला नाही. मी खूश झालो. मग काढलेला वेढा माझ्या हातात देत तो म्हणाला, "आता लाखोरीवर घालू नका. वायर तर जाईनच, पण हे वाळलेलं सायलेन्सरले लागलं तर गाडी पेटन."

गावात शिरलो तर समोरच्या रस्त्यावर लाखोरी पसरलेली. वहिनी झाडू घेऊन उभ्याच होत्या. मी काच खाली केली आणि मिस्त्री काय म्हणाला ते सांगितलं. वेढाही दाखवला.

"अरे बापा. मंग राहू द्या भाऊजी, तुमच्या गाडीले कायले तरास? टॅक्टरवाल्याले सांगतो."

तरास नाही हो, असं मला म्हणायचं होतं. त्या चांगुलपणानेच बोलल्या, पण मला फार वाईट वाटलं.

ट्रॅक्टर संध्याकाळी आला आणि चहा व्हायच्या आत काम उरकून गेला. मी फाटकाशी उभा होतो. वहिनींनी दाणे झाडून पोत्यात भरले, माझ्याकडे बघून हसल्या आणि घरात गेल्या. रविवारी मुलाने विचारलं, दिवा गेला का? गेला म्हणालो. "मंग आता काही टेन्शन नाही," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता गाडी कुठेही वळवा, काही होत नाही. रोज संध्याकाळी मी ती काढतो आणि तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन येतो. कुणी हात दाखवलाच तर लगेच थांबता यावं, म्हणून हळू चालवतो.