पातेल्याच्या कडेचा अंगठा

दुकानांच्या वेबसाइटसाठी फोटो तयार करून द्यायचं त्याचं काम. बाजारात त्याला सगळे कात्री म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. फोटो काढला की चारी बाजूंनी छाटायचा, मागचं सगळं पांढरं करायचं, पान चटकन उघडावं म्हणून फाइल हलकी करायची आणि मूळ फाइलवरच सेव्ह! वेगळी प्रत ठेवत जा हो, असं बायकोनं शंभरदा सांगितलं असेल. ऐकेल तर शपथ.

बायको म्हणजे त्याचा स्टँड. भांडं कलंडू नये म्हणून ती कडेला बसून ते धरायची, आणि नंतर हा बहाद्दर तिचा हात छाटून टाकायचा. "माझ्या हाताला तेवढी नोकरी, तीही गुपचूप," असं ती हसून म्हणायची. अकरा वर्षं चाललं हे.

ती गेली आणि घर त्याला खायला उठलं. मेव्हण्यानं बहिणीचा एखादा चांगला फोटो मागितला, तर निघाला एकच, ओळखपत्रावरचा, तोही कुणाशी तरी भांडून आल्यासारखा. मग त्याला ते हात आठवले. त्यानं सगळे फोल्डर उपसले. तवे, डबे, किटल्या, सगळं कसं आपल्या आपण ताठ उभं. ती कुठेच नव्हती. स्वतःच्याच हातानं काढून टाकली होती, आता शिव्या तरी कुणाला देणार?

परवा भांड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. वेबसाइटवर एका पातेल्याच्या कडेला काहीतरी दिसतंय, चीर गेलीय का म्हणून गिऱ्हाइकं विचारतात, तेवढं आजच काढून टाका. त्यानं फोटो उघडून मोठा केला. अंगठा होता. नखाशेजारी सुरी लागल्याचा जुना व्रण. इतक्या वर्षांत गड्याची कात्री एकदाच चुकली होती.

तो बघतच बसला. रडू आलं, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते येऊ दिलं.

मग जन्मात पहिल्यांदा त्यानं फाइलच्या वेगळ्या प्रती केल्या, चांगल्या दोन. एकीतून अंगठा काढून ती मालकीणबाईंना पाठवली. दुसरीतून पातेलं छाटलं. उरला तो एवढासा तुकडा, फार मोठा केला की नुसते चौकोन दिसायचे. मूळ फाइल जागच्या जागी आहे ना, हे त्यानं दोनदा तपासलं आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाला, "केली गं, वेगळी प्रत."