खदानीवरचा तरवड

ईट गावाजवळच्या माळावरची खडीची खदान बंद पडली. खड्डा मुरुमानं भरला, वर वीतभर माती पसरली आणि तिथं हिरवळ उभी करायचं काम गावच्या समितीनं मला सभासद करून घेऊन माझ्यावर टाकलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, एवढंच कारण.

पहिल्या वर्षी मी चुकले. मारवेल गवताचं बी आणि तरवड, बोरीच्या बिया एकत्रच फेकल्या. गवत कमरेला लागलं आणि त्याखाली झुडपांची रोपं गुदमरून मेली. तिथं शेळ्या राखणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, गवत लई हावरट. झुडपाभवती हातभर जागा मोकळी ठिवा."

दुसऱ्या वर्षी दोघींनी मिळून आळी केली. तरवडाच्या शेंगा मावशींनी ओटीत भरून आणल्या. आळ्यातलं गवत आम्ही खुरप्यानं काढत राहिलो. तिसऱ्या पावसाळ्यात तरवड पिवळाधमक फुलला. मधमाश्या आल्या, लावे पक्षी आले.

आणि एका दुपारी शाळेतून आले तर माळावर जेसीबी! अर्धी झुडपं मुळासकट उपटलेली. उरलेल्यांच्या पुढ्यात मावशी पाय पसरून बसलेल्या.

"मला बी भरा त्या बकेटात," त्या चालकाला सांगत होत्या.

समितीचे अध्यक्ष सावलीत उभे. "मॅडम, उद्या साहेब वृक्षारोपणाला येणार. हा झाडोरा काय दाखवायचा? जागा साफ करून घेतली."

"अहो, हीच तर लागवड आहे!"

"ही?" ते हसले. "झुडपाला काय झाड म्हणायचं व्हय?"

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मीही मावशींशेजारी बसले. अंधार पडायच्या आत जेसीबी परत गेला.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या केलेल्या अर्ध्यात गुलमोहराची रोपं लागली. फोटोसाठी मला रोप धरायला बोलावलं. "ज्यांनी उपटलं त्यांनाच धरू द्या," मी सगळ्यांसमोर म्हणाले. आठवड्यात माझं नाव समितीतून गेलं.

गुलमोहराला कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही. उन्हाळ्यात एकूणएक रोप वाळलं. पुढच्या पावसात तिथली माती वाहून गेली, खालचा मुरूम उघडा पडला. शेजारच्या झुडपांखालची माती मात्र जागची हलली नाही.

अध्यक्ष आता पाहुण्यांना तोच झुडपांचा अर्धा भाग दाखवतात. "आमची लागवड," म्हणतात. ऐकलं की मी तिथून निघून जाते. मावशी मात्र परवा म्हणाल्या, "बोलू द्या. शेंगा वाळल्यात, येताय का?"

मी गेले. राग घेऊनच गेले.